सुतकातली नोंद

दरड कोसळल्याच्या पाचव्या दिवशी वाचलेल्या कुटुंबांची यादी करायला मला धाडलं. मी कशेळ्याजवळच्या शाळेत शिक्षक. सरकारला काहीही मोजायचं असलं की आम्ही हक्काचे वेठबिगार. डोंगरावरची वाडी गाडली गेली होती आणि उरलेली माणसं पायथ्याशी सोयऱ्यांकडे राहत होती. चिखल तुडवून माझं डोकं फिरलं होतं.

अर्जावर प्रश्न होता, चुली किती? जितक्या चुली तितकी कुटुंबं, जितकी कुटुंबं तितकी नवी घरं. हे मला माहीत होतं. त्यांना नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

एका तरण्या बाईला विचारलं. तिचा नवरा दरडीखाली गेला होता, मांडीवर तान्ही मुलगी होती.

"एकच. थोरल्या दिराची," ती म्हणाली. मी एक लिहिलं.

खरं तर लग्नापासून तिची चूल वेगळी होती. पण त्या वाडीत सुतकात धाकट्यांच्या चुली पेटत नाहीत, दहाव्यापर्यंत सगळे थोरल्याकडे जेवतात. आमच्या पोशीरच्या घरीही मयत झालं की चूल थंड असते, म्हणजे मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. 'एरवी किती?' एवढंच विचारायचं होतं. पण दोन चुली म्हणजे दोन अर्ज भरायचे, आणि मला अंधाराआधी घरी पोचायचं होतं.

दोन वर्षांनी घरं झाली तेव्हा दिराला एक मिळालं. त्याने थोडे दिवस तिला ओसरीवर ठेवलं, मग जागा पुरत नाही म्हणून बाहेर काढलं. साजगावला कारखान्यामागे पत्र्याखाली राहून ती मजुरी करू लागली. एक दिवस शाळेत आली.

"गुरुजी, आता दोन लिवा ना."

"तेव्हाच सांगायला काय झालं होतं?" मी खेकसलो.

"घरात सुतक, खोटं कसं बोलू? तुमी इचारलं तवा एकच पेटत हुती."

कचेरीत चौकशी केली. नोंद माझ्या चुकीने झाली असं मी लिहून दिलं तर दुरुस्ती होणार होती. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मी घाबरलो. कागदावर लिहिलं, 'सदर महिलेने स्वतः सांगितल्याप्रमाणे नोंद केली असून तिची तक्रार नाही.' खाली तिचा अंगठा घेतला.

तिला वाटलं, घराचा अर्ज झाला. तिने पोरीला माझ्या पाया पडायला लावलं. मी पडू दिलं.