खारट लागलं का?

मी मुलुंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात सिस्टर आहे. आमच्याकडे डोळ्यातून सतत पाणी गळणारी माणसं येतात आणि जाताना किस्से ठेवून जातात. घरी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "दवाखाना आहे की नाटक कंपनी?"

डोळ्यातलं पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरतं. ती बुजली की गालावर ओघळ! तपासायला आमच्या डॉक्टर मॅडम डोळ्याच्या कोपऱ्यातून मिठाचं पाणी सोडतात आणि विचारतात, "घशात खारट लागलं का?" लागलं तर रस्ता मोकळा. नाहीतर ऑपरेशन करून नवा रस्ता काढायचा.

*

एक आजी तोंड घट्ट मिटून बसल्या. पिचकारी जवळ येताच त्यांनी मॅडमचा हात धरला. "अहो, आज माझा अळणी उपवास आहे. साखरेचं पाणी नाही का चालणार?"

मॅडमनी त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं.

*

घाटकोपरचे एक भजनी बुवा. अभंग सुरू झाला की डावा डोळा वाहायचा आणि लोक पाया पडायचे. ऑपरेशन झकास झालं, तर बुवा तक्रार घेऊन हजर! "डोळा ठणठणीत आहे हो. पण मंडळातले म्हणतात, बुवांचं आता भजनात मन लागत नाही!"

आम्ही हसलो, पण बिचारे खरंच खट्टू झाले होते.

*

ऑपरेशननंतर काही दिवस नाक शिंकरायचं नाही, ही सक्त ताकीद. एका काकांनी ती इमानदारीत पाळली. पुढच्या खेपेला सांगत होते, "सिस्टर, पहिल्याच सकाळी शेजारी धावत आले. रोजचा शिंकरण्याचा आवाज नाही म्हणून!"

*

आणि एक मालवणी आजी. त्यांचा डोळा सदा गळायचा. गावाहून बहीण आली, तिने ते पाणी पाहिलं आणि गावभर केलं, सून छळते! आजींनी परोपरीने सांगितलं, पण बहीण म्हणे, "सुनेच्या धाकान बोलतंस तू!" गोष्ट सुनेच्या, शिल्पाच्या, माहेरापर्यंत गेली. तिला तोंड दाखवायची चोरी झाली. मला फार वाईट वाटायचं तिचं.

शेवटी शिल्पानेच रजा काढून आजींचं ऑपरेशन करून घेतलं. तपासणीच्या दिवशी आजी मुद्दाम बहिणीला घेऊन आल्या. मॅडमनी पाणी सोडलं. "खारट लागलं का?"

"लागला! लागला गो बाय!"

इतका वेळ भिंतीला टेकून उभी असलेली शिल्पा एकदम हमसून रडायला लागली. आजी उठल्या, आपल्या पदराने तिचे डोळे पुसले आणि बहिणीकडे वळल्या.

"बघ, आता ही रडता हा. जा, सगळ्या गावात सांग, मी सुनेक छळतंय!"