पाहुणे आले की डॉक्टर थांबतात

आमच्या गल्लीत तिला सगळे लाभार्थी काकू म्हणतात. खरं नाव मतदार यादीत असेलच, पण संस्थांच्या अहवालात तिचा फोटो छापतात आणि खाली लिहितात, 'एक लाभार्थी'. त्यावरून हे नाव पडलं. माझी खोली तिच्या भिंतीला लागून, त्यामुळे तिच्याकडे कोण आलं, कोण गेलं आणि जाताना काय ठेवून गेलं, हे मला विचारावं लागत नाही.

तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं आहेत. एक दानशूर लोकांच्या ट्रस्टचं, एक कंपनीचं, एक आरोग्य खात्याचं. पाणी ती पातेल्यात उकळूनच पिते. कुठलंही एक लावलं तर बाकीच्या दोघांचं मन दुखेल, असं तिचं म्हणणं. कमी धुराच्या चुली दोन, त्यातल्या एकीत कांदे ठेवलेले. हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा तक्ता दारामागे टांगलाय, त्याच्या खिळ्याला काका टॉवेल अडकवतात. काका बसड्रायव्हर होते, आता निवृत्त आहेत. कुणी नवीन मनुष्य खोलीत शिरला की ते उठून बाहेर जातात. "मी फोटोत आलो की बदल दिसत नाही म्हणे," असं एकदा मला म्हणाले.

ती लाभार्थी कशी झाली, तेही सांगते. पहिल्यांदा ट्रस्टची माणसं कॅमेरा घेऊन आली तेव्हा त्यांनी चार बायकांना विचारलं. पहिलीनं तोंड झाकलं. दुसरीनं उलट विचारलं, "ते राहू द्या, नळाला पाणी कधी येणार ते सांगा." तिसरीला रडू फुटलं, तेही सासूच्या आठवणीनं. चौथी आमची काकू. तिनं सरळ कॅमेऱ्यात बघितलं आणि म्हणाली, "आमच्या जीवनात खूप बदल झाला." यंत्र तेव्हा खोक्यातून बाहेरही निघालेलं नव्हतं. त्या दिवसापासून कुणी दुसरं दार वाजवलं नाही.

मी एकदा तिला विचारलं होतं, हे सगळं बोलताना जीभ अडखळत नाही का. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अगं, किती लांबून येतात बिचारे. गाडीत बसून कंबर मोडते त्यांची. रिकाम्या हातानं कसं परत पाठवायचं?"

तिची धाकटी जाऊ पलीकडच्या खोलीत राहते. कपड्यांच्या कारखान्यात शिवून आलेले शर्ट तपासायचं काम, दिवसभर उभ्यानं. साखरेचा आजार घरात कुणाला नव्हता, हिलाच झाला. उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा पट्टा घासला, तिथे जखम झाली आणि ती भरायचं नाव घेईना. एक दिवस खाडा करून दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी बघितलं आणि स्पष्ट सांगितलं, "रोज साफ करून पट्टी झाली पाहिजे. नाहीतर अंगठा काढावा लागेल." दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यात उशिरा येण्याची परवानगी मागितली, तर मुकादम म्हणाला, "रोज सकाळी यायला जमत नसेल तर येऊच नको."

आता दवाखाना गल्लीच्या तोंडाशीच आहे, आणि त्याच्या पाटीवर लिहिलंय, सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. पण डॉक्टर एक वाजता स्कूटर काढायचे, ते दुसऱ्या दिवशी नऊलाच दिसायचे. पाटीवरची सकाळची ओळ लोकांनी बोट लावून लावून पुसट केली होती. संध्याकाळची ओळ कुणी वापरलीच नव्हती, म्हणून तिचा रंग ताजा होता. संध्याकाळी सिस्टर एकटी असायची. गोळ्या द्यायची, पण जखमेची मेलेली कातडी काढायला तयार नव्हती. "हात माझा चालेल हो," म्हणायची, "पण पाय बिघडला तर नोकरीही माझीच जाईल."

काकूनं आठवडाभर घरी गरम पाण्यानं पाय धुतला. मग वास यायला लागला.

त्याच सुमाराला ट्रस्टचे पाहुणे यायचे होते. बाराची वेळ ठरली होती, पण गाडी रस्ता चुकली आणि साडेपाचला पोचली. ट्रस्टचा समन्वयक, गळ्यात ओळखपत्र घालून फिरणारा, टक्कल पडलेला गृहस्थ, त्यानं डॉक्टरांना दिवसभर फोन करून करून थांबवून धरलेलं. काकू कारखान्याच्या फाटकावर गेली, जाऊ सुटली तशी तिचा हात धरून तडक दवाखान्यात घेऊन आली.

"ही कोण?" समन्वयकानं विचारलं.

"दुसरी लाभार्थी."

"हिचं नाव यादीत नाही, काकू."

"मग घाला. माझंच तोंड किती वर्षं दाखवणार आहात? मोठं कुटुंब दिसलं तर बरं दिसेल ना."

पाहुण्यांमध्ये ट्रस्टच्या अध्यक्षबाई होत्या. त्यांच्यासमोर डॉक्टरांनी जावेचा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. तो पाय आतापर्यंत कुणी इतक्या प्रेमानं धरला नसेल, तिच्या नवऱ्यानं तर नाहीच. हळूहळू मेलेली कातडी काढली, औषध लावलं, पट्टी बांधली. अध्यक्षबाईंचे डोळे भरून आले. फोटो निघाले.

घरी येताना काकू बोटांवर वार मोजत होती. दाराशी आल्यावर मला म्हणाली, "पाहुणे आले की डॉक्टर थांबतात."

"बरं मग?"

"मग पाहुणे रोज यायला हवेत."

दुसऱ्याच दिवसापासून तिनं भिंतीवरचं कॅलेंडर हाती घेतलं. चार जण तिच्यामागे होते: ट्रस्ट, यंत्र विकणारी कंपनी, आरोग्य खातं आणि या सगळ्यांचा अभ्यास करणारी एक संशोधन संस्था. आतापर्यंत ते म्हणतील तेव्हा ती उभी राहायची. आता फोन आला की ती कॅलेंडरसमोर जाऊन बोलायची.

"मंगळवारी सकाळी दहाला आणतो, काकू."

"सकाळी नको. ऊन डोळ्यावर येतं, प्रत्येक फोटोत माझे डोळे मिटलेले येतात. संध्याकाळी सहाला आणा, आणि दवाखान्यातच आणा. तिथे गर्दी असते. गर्दीत बदल उठून दिसतो."

हे समन्वयकानं वहीत लिहून घेतलं म्हणे.

असा सोमवार खात्याला गेला, मंगळवार आणि शनिवार ट्रस्टला, बुधवार कंपनीला, शुक्रवार संशोधनवाल्यांना. डॉक्टर रोज दुपारी घरी जाऊन शर्ट बदलून पाचला हजर. रविवारी दवाखाना बंदच असतो, पण गुरुवार रिकामा राहत होता. आठवड्यात आणखी एक दिवस पट्टी चुकली की सिस्टर नाक मुरडायची. मग काकू आमच्या हेडबाईंकडे गेली. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, वरच्या मजल्यावर राहतात. चष्मा साखळीला, आवाज अजूनही मैदानभर जाईल असा.

"मला खोटं बोलता येणार नाही," हेडबाई म्हणाल्या.

"बोलूच नका बाई. नुसतं बसायचं, बघायचं आणि वहीत लिहायचं."

"काय लिहू?"

"काहीही लिहा. पाढे लिहा."

हेडबाई गेल्या. डॉक्टरांनी घाईघाईनं खुर्ची दिली आणि अदबीनं विचारलं, मॅडम कुठल्या. "शिक्षण खात्यात बत्तीस वर्षं काढली," बाई म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "हात धुतलेत का?" डॉक्टर उठले आणि तक्त्यातल्या सहाही पायऱ्या करून आले. जाताना बाईंनी रुग्णांच्या नोंदवहीतलं अक्षर बघून सांगितलं, "सुधारा हे." सिस्टर सांगत होती, आठवड्यात डॉक्टरांना खरी धास्ती गुरुवारचीच असायची.

डॉक्टर संध्याकाळी बसतात ही बातमी गल्लीत पसरायला किती वेळ लागणार? हमाल यायला लागले, खाणावळीत भांडी घासणाऱ्या बायका, कारखान्यातून सुटलेल्या मुली, गॅरेजवाले. दोन महिन्यांत बाकं कमी पडली. जावेची जखम कडेनं गुलाबी झाली, तेव्हा काकूनं माझ्याकडे येऊन साखर खाल्ली, आणि तोंड पुसून गेली, जावेनं बघू नये म्हणून.

इकडे संशोधन संस्थेत खळबळ. एवढे रुग्ण वाढले कशानं? सहा महिन्यांपूर्वी त्यांनी दवाखान्याची पुढची भिंत पिवळी रंगवून घेतली होती. पिवळ्या रंगानं विश्वास वाटतो, असं त्यांच्या कुठल्या अभ्यासात होतं. आता दोघं जण फॉर्म घेऊन बाकांवरून फिरले. पिवळा रंग आवडतो का? आवडतो. प्रसन्न वाटतं का? वाटतं. अंगात ताप असताना रंगावरून कोण भांडत बसणार? मी मुद्दाम विचारलं, "अहो, डॉक्टर आहेत म्हणून लोक येतात, हे तुमच्या फॉर्मात कुठे आहे?" त्यातला मोठा होता त्यानं मला समजावून सांगितलं, "मावशी, डॉक्टर तर आधीपासूनच आहेत. तो घटक आम्ही स्थिर धरलाय."

अहवाल आला. भिंत यशस्वी ठरली. ट्रस्टनं आणखी साठ दवाखाने पिवळे करायचं मनावर घेतलं, कंपनीनं रंग द्यायचा ठरवला, खात्यानं परवानगी दिली. आणि आमच्याकडचं काम यशस्वी झालं म्हणून बंद झालं. गाड्या यायच्या थांबल्या.

सोमवारी डॉक्टर सव्वापाचपर्यंत वाट बघत बसले. "आज कोण आहे?" त्यांनी सिस्टरला विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर गेले. मंगळवारी एकलाच गेले. गुरुवारी हेडबाई नेमानं वही घेऊन पोचल्या, पण या मॅडम कोणत्या संस्थेच्या, अशी चौकशी डॉक्टरांनी तोवर खात्यात केली होती, आणि तिथे कुणालाच माहीत नव्हतं. खुर्चीला कुलूप नसतं म्हणून बाई तासभर बसून आल्या एवढंच.

शुक्रवारपर्यंत जखमेची कड पुन्हा काळी पडली.

"ताई, जाऊ दे आता," जाऊ म्हणाली. "एका अंगठ्यावाचून काय अडतं?"

"उभं राहायला अडतं. तुझ्या कारखान्यात तुला खुर्ची देणार आहेत का?"



शनिवारी मोठा कार्यक्रम होता. सगळे चौघे एका व्यासपीठावर, आणि काकूला बोलायला तीन मिनिटं. समन्वयकानं कागद आणून दिला होता. पहिलं वाक्य असं होतं, 'पिवळ्या रंगानं माझ्या जीवनात आशा आली.' मला सोबत म्हणून नेलं. निघताना ती देवापुढे क्षणभर उभी राहिली. मी विचारलं, "काय मागितलंस?"

"मागितलं काही नाही. सांगून ठेवलं, आज थोडं खोटं बोलणार आहे, समजून घे."

मला हसू आलं, कारण इतकी वर्षं ती जे बोलत होती त्याबद्दल तिनं देवाला कधी सांगितल्याचं मला आठवत नव्हतं.

सभागृह थंडगार. डॉक्टर तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. काकू उठली, कागद नीट घडी करून हातात ठेवला आणि बोलायला लागली.

"भिंत पिवळी आहे, छान आहे. पण मला आमच्या डॉक्टरांबद्दल बोलायचंय. देव त्यांचं भलं करो. रोज संध्याकाळी पाच ते आठ बसतात. पाहुणे असोत, नसोत. माझ्या जावेचा अंगठा जाणार होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं राखला. सोमवारी पाचला तिची पुढची पट्टी आहे. तुमच्यापैकी कुणालाही बघायचं असेल तर जरूर या. आधी कळवू नका, तसेच या. ते असतातच."

खात्याचे मोठे साहेब टाळ्या वाजवत उभे राहिले. मग सगळेच उभे राहिले. डॉक्टरांना तर उभं राहावंच लागलं, वर हात जोडावे लागले. अध्यक्षबाईंनी माईकवरून जाहीर केलं की असा माणूस दुर्मीळ, आणि आपण स्वतः कधीही अचानक येऊन त्यांचं काम बघणार. कंपनीचे साहेब म्हणाले, आम्हीही. टाळ्या पुन्हा. पिवळा रंग त्या गडबडीत मागेच राहिला.

चहाच्या वेळी डॉक्टर काकूला गाठायला आले. आवाज खाली.

"काकू, हे काय केलंत तुम्ही?"

"तुमचं कौतुक केलं, डॉक्टर."

"अहो, पण मी मंगळवारपासून..."

"मंगळवारचं कुणाला माहीत आहे? तुम्हाला, मला आणि त्या पायाला. तिघांपैकी कुणीच बोलणार नाही."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. "कधी येणार आहेत ते, काही बोलले का?"

"नाही बाई. अचानक म्हणाले."

सोमवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना स्कूटर दवाखान्यासमोर लागली. अध्यक्षबाई काही आल्या नाहीत. मंगळवारी, बुधवारीही कुणी आलं नाही, आणि आज सात महिने झाले, आठ वाजेपर्यंत दारात गाडी थांबलेली मी बघितली नाही. डॉक्टर बसतात. बाकं भरलेली असतात.

परवा मी जावेबरोबर गेले होते. काकूही होती. डॉक्टरांनी पट्टी सोडली. जखमेच्या जागी नवी कातडी धरली होती, मध्ये तांदळाएवढी जागा ओली होती तेवढीच. अंगठा शाबूत. डॉक्टरांनी बोटानं दाबून बघितलं, जावेला दुखलं का विचारलं. दुखलं म्हणजे पाय बधिर झालेला नाही, म्हणून खूश झाले. केसपेपर पुढे ओढला.

"उत्तम आहे. आता एक दिवसाआड आलीस तरी चालेल."

"रोजच येऊ द्या ना, डॉक्टर," काकू म्हणाली. "न जाणो, नेमकं त्याच दिवशी कुणी आलं तर?"

डॉक्टरांनी दाराकडे बघितलं आणि केसपेपरवर लिहिलं, रोज.