सोबत जेवायचा नियम

अंबडला आमचं खाली हॉस्पिटल आणि वर घर. नवरा डोळ्यांचा सर्जन, मी बाळंतपणं आणि सिझेरियन करणारी. काम आणि संसार यांचा मेळ कसा घालावा, यावर डॉक्टरांच्या संघटनेने संध्याकाळी व्याख्यान ठेवलं, तेव्हा बोलायला बोलावलं अर्थातच त्याला.

महाशय माइक धरून सांगत होते की सगळा प्रश्न शिस्तीचा आहे. पोटाचे, हाडांचे सर्जन वेळी-अवेळी धावतात, कारण त्यांना नियोजन जमत नाही. "आमच्या घरी नियम आहे. रात्री सगळ्यांनी सोबत जेवायचं." टाळ्या पडल्या. मोतीबिंदू पुढच्या बुधवारपर्यंत निमूट थांबतो, हे काही त्याने सांगितलं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नर्स घाबरलेली होती. "मॅडम, तीर्थपुरीची बाई आली. बाळाचे ठोके कमी होऊन राह्यले, जल्दी या."

मी उठले, तसा माइकवरून आवाज आला, "बघा, हेच मी म्हणत होतो." सगळे हसले. त्या बाळाला शिस्त कोणी लावायची, हे मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही.

सिझेरियन झालं, बाळ खणखणीत रडलं आणि मी जिना चढून वर आले. नवरा हात धुऊन, रिकामं ताट पुढ्यात घेऊन बसला होता.

"किती उशीर! कधीचा थांबलोय मी," तो म्हणाला. "नियम म्हणजे नियम. चल, पटकन दोन भाकरी टाक."