व्हय म्हाराजा!

हा किस्सा मी आजवर कुणाला सांगितला नाही. सांगणारी माझी बायको होती. पाहुणा उंबऱ्यात आला की ही चहाचं आधण ठेवायच्या आधी सुरू व्हायची, आणि मी विहिरीकडे निघून जायचो. आता सांगणारं घरात दुसरं कुणी नाही. तेव्हा चहा घ्या, आणि हसायचं तर माझ्या तोंडावर हसा.

दिवस अगदी साधा. रविवार. मालवणच्या बाजारातून मी बांगडे आणले होते, ही मागच्या पडवीत ते साफ करत होती. उभ्यानं. कारण खाली बसणं तिला वर्षभर जमलेलं नव्हतं. गुडघे! आणि माघ लागला होता. वैशाखात आमच्या शालूचं लग्न. कन्यादानाला पाटावर मांडी घालून बसायचं, एवढी एकच तिची हौस. "खुर्चीर बसान लेक देवची काय? कोर्टात आसंय मी?" असं म्हणायची आणि डोळ्यांना पदर लावायची.

तेवढ्यात तिचा भाऊ बाबल आला. बाबल बोटीवर नोकरीला. सुट्टीवर आला की जग आमच्या पडवीत आणून ओतायचा.

"भावजी, थंय जपानात काय आसा म्हायत आसा? गरम पाण्याचे हौद! नवरो-बायको एकाच हौदात बसतत. गळ्यापर्यंत!"

"बाबल!" मी म्हटलं. शाळामास्तर ना मी! शालू आत होती.

ही मात्र सुरी हातात धरून थांबली. "एकाच हौदात? हात धरून?"

का थांबली, ते सांगतो. डॉक्टरांनी कोमट पाण्यात कमरेपर्यंत उभं राहायला सांगितलं होतं. त्यासाठी मी तिला वर उत्तरेकडच्या गरम पाण्याच्या एका कुंडावर नेऊनही आणलं होतं. पण तिथे बायकांचं कुंड वेगळं, पुरुषांचं वेगळं, मधे भिंत. पायऱ्यांवर शेवाळ. मी भिंतीपलीकडून ओरडलो, "उतरलीस का गं?" तर पलीकडून दहा-बारा बायका एकदम ओरडल्या, "उतरलंव!" आणि हसत सुटल्या. ही मात्र कोरडीच परत आली. म्हणाली, "तुमी हात धरलात तर मी उतरान. नायतर नाय."

आता जपान काही एस.टी.च्या रस्त्यावर नाही. मी तसं बोलूनही दाखवलं.

"जपान कित्याक?" बाबल म्हणाला. "वालावलीच्या पुढे खाडीकाठाक एक देवूळ आसा. थंयच्या तळयेत नवरो-बायको जोडीनच न्हातत. रीतच आसा तशी. पाणी दुपारी कोमट."

रीत कसली, कशासाठी, हे मी विचारलं का? नाही! मला भलतीच काळजी. कुणी ओळखीचं भेटलं तर? शाळेतल्या एखाद्या पोराचा बाप भेटला तर? मास्तर बायकोसोबत तळीत! एस.टी.त मी सगळा वेळ तळीत तोंड लपवायला छत्री उघडता येईल का, याचा विचार करत होतो.

देवळात गुरव भेटला. पोक्त माणूस.

"खंयसून इलात?"

"मालवणहून. आम्हां दोघांना... एकत्र... तळीत उतरायचं आहे."

त्यानं माझे पिकलेले केस पाहिले. मग हिच्याकडे पाहिलं. "मागणा काय?"

आता परक्या माणसापुढे बायकोच्या गुडघ्यांबद्दल कसं बोलायचं? मी घुटमळलो. "हिची अडचण आहे. बऱ्याच दिवसांची. डॉक्टर झाले. आता शेवटचा उपाय म्हणून..."

गुरवाचे डोळे भरून आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कळला. अधिक सांगा नको."

मला वाटलं, किती समजूतदार माणूस! आणि तो गेला तो थेट वाडीत वर्दी द्यायला.

घटकाभरात तळीवर ही गर्दी! बायका नारळ घेऊन आल्या, हिची ओटी भरली. माझ्या उपरण्याची आणि हिच्या पदराची गाठ मारली. मी म्हटलं, गाठ पाय घसरू नये म्हणून असेल! काय सोय आहे!

मग गुरवानं हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडचं गाऱ्हाणं म्हणजे देवाशी खणखणीत आवाजात बोलणं. देवाला ऐकू जातं की नाही कोण जाणे, तीन वाड्यांना नक्की जातं. आणि दर वाक्याला सगळ्यांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो मालवणचो मास्तर आणि तेची अस्तुरी जोडीन तुझ्या पायाकडे इलेत!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या वयाकडे बघू नको!"

"व्हय म्हाराजा!"

वयाकडे? मी चपापलो.

"तेंच्या घरात पाळणो हलांदे!"

"व्हय म्हाराजा!"

यातला सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता, सांगू? माझा! लहानपणापासूनची सवय हो! गाऱ्हाणं चालू असलं की तोंड आपोआप उघडतं. अर्थ मागाहून डोक्यात शिरला.

हिनं मला कोपरानं ढोसलं. "गुडघे सांगा, गुडघे!"

पण चालू गाऱ्हाण्यात मधे बोलायची कुणाची छाती आहे?

"मागणा पुरा झाला तर तीं दोघां परत जोडीन येवन न्हातली!"

"व्हय म्हाराजा!" हे मात्र हीच म्हणाली. ती तोवर हसायला लागली होती.

मागून एक म्हातारी कुजबुजली, "चेडवांची लग्ना करूच्या वयात ह्यां काय गो?"

"गप रव. देवाक म्हायत."

शेवटी पाण्यात उतरलो. हात मी तिचा धरला होता, बरं का. तिसऱ्या पायरीवर शेवाळ होतं. घसरलं कोण? मी! सपशेल! नाकातोंडात पाणी. उपरण्याला हिसका बसला, आणि काठावरून आवाज आला, "बायलेन घोवाक वढून काढल्यान गो!"

खरंच काढलं. गाठ दोन्ही हातांनी धरून, गुडघे रोवून, हिनं मला वर ओढलं. वर्षभर न वाकलेले गुडघे!

आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी मालवणात पोचली. दुसऱ्या संध्याकाळी व्याही आले. लग्न मोडलं तर शालूला काय सांगू? व्याह्यांनी चहा घेतला. पान खाल्लं. खोकले.

"मास्तरानु, आमचो एक विचार आसा. लगीन जरा अलीकडे घेवया काय? फाल्गुनात?"

"का हो?" मी विचारलं.

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हणजे... वैशाखापर्यंत विहीणबायंक जड जावक नको."

आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. ही हसता हसता भांड्यांवर रेलली होती.

लग्न फाल्गुनात झालं. त्या ओढाओढीत गुडघ्यांचं काय सुटलं देव जाणे, पण ही पाटावर बसली. मांडी घालून, कन्यादान पुरं होईपर्यंत. भटजी मंत्र सांगत होते आणि मी हिच्या गुडघ्यांकडे बघत होतो. भटजींनी काही विचारलं, मी म्हणालो, "व्हय म्हाराजा!" मांडव हसला.

पुढच्या वर्षी शालूला मुलगा झाला. बाळंतपण आमच्याकडेच होतं. पाळणा आमच्याच घरात हलला. ही म्हणाली, "बघा! देवान आयकल्यान. आता तळयेत न्हावक जावया."

मी म्हटलं, परीक्षा होऊ देत. मग म्हटलं, पाऊस जाऊ दे. मग शाळेचं काहीतरी निघालं. मग ती आजारी पडली, गुडघ्यांनी नव्हे.

ते स्नान जोडीनं करायचं असतं. आमचं राहिलं.