देवीची डावी बाजू

मी भाविक बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलं त्यामुळे म्हणा, किंवा स्वभावच तिरका म्हणून म्हणा, कुणाच्या अंगात आलं की मला हसू यायचं. तरीही आमच्या पेठेतल्या देवीची मंगळवारची सेवा मला हवी होती आणि ती मी खोटं वागून टिकवली. त्यातून पुढे जे घडलं त्याने माझा जीव वाचला. ते कसं घडलं हे मला आजही नीट कळलेलं नाही, म्हणून जसं आठवतं तसं लिहिते आहे.

आमचं देऊळ लहान. गाभाऱ्याला खिडकी नाही. बाहेर सोलापूरचं ऊन डोळ्यांत घुसत असलं तरी आत समईपुरताच उजेड. देवी हातभर उंचीची, पिढ्यान् पिढ्यांच्या शेंदराने अंग भरलेली. तिला तेल चोळायचं, शेंदराचा हात फिरवायचा, चोळी घालून लुगडं नेसवायचं, हे काम पुरुषांचं नाही आणि ज्यांची पाळी चालू आहे त्या बायकांचंही नाही. ज्यांची गेली त्यांच्यात वार वाटून दिलेले. त्या वारालाही आमच्याकडे पाळीच म्हणतात, त्यामुळे एक पाळी गेली की दुसरी येते अशी थट्टा बायकांत नेहमी चाले. वार वाटायच्या त्या गुरवीण मावशी. सत्तरीच्या पुढच्या, नजर कमी झालेली, जीभ तिखट.

माझी पाळी गेली चौपन्नाव्या वर्षी, म्हणजे उशिराच. लगेच मंगळवार मिळाला. पहिल्याच दिवशी मी लुगड्याचा पदर चुकीच्या खांद्यावर टाकला. आपण देवीसमोर तोंड करून बसतो, म्हणून आपल्या डाव्या हाताला येतो तो खांदा डावा वाटतो. प्रत्येक नवी बाई हीच चूक करते म्हणे. मावशी हसल्या. "बाई, शाळा हितं न्हाय चालायची. गाभाऱ्यात डावं-उजवं तिचं धरायचं, आपलं न्हाय," म्हणाल्या. मला त्या दिवशी फार ओशाळल्यासारखं झालं.

पाळी गेल्यावर माझे हाल सुरू झाले होते. फळ्यावर गणित मांडताना एकदम कानापासून आग निघायची, पोलकं घामाने भिजायचं, पोरी एकमेकींकडे बघायच्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. काय सांगू, आठ दिवसांत गार वाटायला लागलं. झोप लागली, चेहऱ्यावर तुकतुकी आली. "कुणाची बायको म्हणायची ही?" असं आमचे हे चिडवायला लागले. मग ती चिठ्ठी पुढे करून मी गोळ्या आणतच राहिले. तीन महिन्यांची दोन वर्षं झाली. डॉक्टरांकडे परत गेले नाही, कारण ते बंद करा म्हणतील ही भीती. एकच अडचण होती. गोळ्यांत आठवडाभर खंड ठेवायचा असे, आणि त्या आठवड्यात मला पुन्हा विटाळ येई. हे मी मावशींना सांगितलं नाही. त्या दिवसांत मंगळवार आला तर अंग दुखतंय म्हणून सांगायची. पण एका मंगळवारी दुसरी बाई मिळेना, आणि मी तशीच गाभाऱ्यात गेले.

त्या दिवशी तेल लावताना माझ्या बोटांना देवीच्या छातीवर, डाव्या उंचवट्याच्या खाली, गाठ लागली. हरभऱ्याएवढी असेल. शेंदराचा खडा असेल म्हणून नखाने काढायला गेले, तर ती बोटाखालून सरकली. वर शेंदूर गुळगुळीत होता, कुठे भेग नाही, आणि ती त्याच्या आतून सरकली. मी हात मागे घेतला. दगड उन्हाने तापावा तसा गरम होता, आणि त्या गाभाऱ्यात ऊन तर कधीच येत नाही. मी घाईघाईने चोळी घातली आणि बाहेर आले. 

आपल्या विटाळाने देवीला गाठ उठली, हाच पहिला विचार माझ्या मनात आला. गणिताच्या बाईच्या मनात! पुढच्या मंगळवारी मी विटाळ नसताना गेले, तरी गाठ तिथेच होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी मला ती मोठी वाटली. शेवटी राहवेना. "मावशी, देवीच्या डावीकडं गाठ लागतीय हो," म्हटलं. त्यांनी तांदूळ निवडता निवडता मान वर न करता सांगितलं, "चोळीची व्हय? सैल बसली आसंल. घट्ट मारा की." मी म्हटलं चोळीची नाही, अंगाची. तेव्हा त्या उठल्या, आत आल्या, आणि तेलाच्या हाताने बराच वेळ चाचपत राहिल्या. मी त्यांचं बोट धरून नेमक्या जागेवर ठेवलं. माझ्या बोटाला गाठ लागत होती. त्यांच्या बोटाला नाही.

"काय बी न्हाय हितं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "बाई, तुमी सोताचं बघितलंय का?"

घरी येऊन न्हाणीघराची कडी लावली आणि बघितलं. देवीसमोर बसल्यावर गाठ ज्या हाताला येत होती, त्या उजव्या बाजूला मी बोटं फिरवली. आडवी, उभी, गोल. काही नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसले. मावशींच्या वयाला आणि माझ्या वेडेपणाला हसले, आणि त्या रात्री शेंगाचटणीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. असे तीन आठवडे गेले. गाभाऱ्यातली गाठ मात्र दर मंगळवारी असायची. मी तिच्यावरून हात न फिरवता तेल लावायला शिकले होते.

चौथ्या मंगळवारी माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं आणि पदर पुन्हा भलत्याच खांद्यावर पडला. मावशी दारातून ओरडल्या, "अवो बाई, दोन वर्सं झाली की! डावं तिचं धरायचं!" माझा हात तिथेच थांबला. मी शोधलं होतं ते माझ्या बाजूने. तिचं डावं ते माझं डावं. गाभाऱ्यातच, तिच्यासमोर, मी पदराआडून पोलक्यात हात घातला. तेलकट बोटं सरळ त्या जागेवर गेली, जशी काही त्यांना वाट माहीत होती. हरभऱ्याहून मोठी, टणक. दाबल्यावर जराशी सरकली. मी देवीकडे बघितलं. तिचे चांदीचे डोळे नेहमी समोर बघतात. त्या क्षणी ते खाली, माझ्या हाताकडे वळलेले दिसले. मी फार घाबरले. मरणाला घाबरले, आणि तिलाही.

मोठ्या दवाखान्यातल्या लेडी डॉक्टरांनी तपासलं आणि गोळ्यांचं विचारलं. मी सगळं ओकून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पाळी चालू असते तोवर अंगात एक रस दर महिन्याला चढतो आणि उतरतो. छातीला तोच जागं ठेवतो. पाळी गेली की तो आटतो. हे आटणं आजार नाही बाई, ती विसाव्याची वेळ. तुमची पाळी उशिरा गेली, म्हणजे हा रस आधीच जास्त वर्षं खेळला. त्यावर तुम्ही गोळ्यांनी तो चालू ठेवलात. गाठ त्यानेच झाली असं मी छातीठोक सांगणार नाही, तेवढं अजून कुणालाच माहीत नाही. पण काही गाठी या रसावर पोसतात. गोळ्या आजपासून बंद." आणि तो दर महिन्याचा विटाळ? तो खरी पाळी नव्हतीच, गोळ्यांचा खेळ होता, असं त्या म्हणाल्या. अजून चार-सहा महिने गेले असते तर गाठ काखेत पसरली असती, असंही म्हणाल्या. विसाव्याचा शब्द ऐकून मला रडू आलं. दोन वर्षं मी त्या विसाव्याला दारातच अडवून धरलं होतं.

डावी बाजू पूर्ण काढली. ह्यांनी दवाखान्यात एकदाही तोंड वाईट केलं नाही, पण घरी आल्यावर मीच आरशाला टॉवेल टांगला. हात खांद्याच्या वर जाईना. आणि एक गोष्ट मनातून जाईना. आमच्याकडे भंगलेली मूर्ती पुजत नाहीत. मग भंगलेल्या बाईने देवीला हात कसा लावायचा? दोन महिन्यांनी मावशींना सगळं कबूल करायला आणि मंगळवार परत करायला गेले. गोळ्या, विटाळ, सगळं सांगितलं. त्या उठल्या. मग म्हणाल्या, "आत चला. तुमास्नी एक दावायचंय."

समई पुढे धरून त्यांनी देवीवरचं कापड काढलं. डाव्या बाजूचा शेंदूर गळून पडला होता, गळ्यापासून कमरेपर्यंत, एका तुकड्यात. उजवीकडचा जसाच्या तसा. देवी कधीमधी शेंदराचं कवच सोडते हे मी ऐकून होते. पण आत काय होतं! काळा, जुना दगड, आणि छातीची ती बाजू सपाट. तिथे उंचवटा नव्हताच. पिढ्यान् पिढ्या बायकांनी हात फिरवला होता तो नुसत्या शेंदरावरून.

"कदी गळालं?" मी विचारलं.

"तुमी दवाखान्यात व्हता त्या बेस्तरवारी. सकाळी दार उघडलं तर पायाशी पडल्यालं. तवापास्नं कुणाला शेंदूर लावू दिला न्हाय." माझं ऑपरेशन गुरुवारी सकाळी झालं होतं. मावशींना तो वार कुणी सांगितलेला नव्हता.  त्यांनी तेलाची वाटी माझ्या हातात दिली.

योगायोग म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, माझ्याकडे सिद्धता नाही. आयुष्यभर मी सगळं मुठीत धरायला बघितलं, वय, रूप, मंगळवार. जे जाईल ते जाऊ द्यावं, हे मला त्या दगडाने शिकवलं, आणि जीव राखला त्याबद्दल तिचे उपकार फिटायचे नाहीत. त्या दिवशी माझा डावा हात वर जात नव्हता म्हणून मी गुडघ्यांवर आले, अगदी तिच्या जवळ. त्या सपाट जागेवर तेल लावलं. दगड गार होता. मग घरी गेले आणि आरशावरचा टॉवेल काढून धुवायला टाकला.