मावशींनी खोडलेलं वाक्य

दीर्घ आजारांच्या रुग्णालयात मावशी बावीस वर्षं रुग्णांचं अंग पुसायचं, कूस बदलून द्यायचं काम करत होत्या. अंग पुसून घेताना माणसं त्यांच्यापाशी मन मोकळं करत. फायलीत नसलेलं बरंच काही त्यांना ठाऊक असे.

एकदा विद्यापीठातून प्राध्यापक बाई आल्या. आजारपणात श्रद्धेचा आधार कसा वाटतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. हातात चाळीस प्रश्नांचा फॉर्म. देवावर विश्वास किती, एक ते पाचमध्ये सांगा. निवृत्त बसचालकानं सरळ डोळे मिटून घेतले. शेजारच्या शिंपीणबाईंनी सगळीकडे 'पाच' सांगून टाकलं आणि नंतर मावशींना म्हणाल्या, बिचारी लांबून आली होती, कशाला हिरमुसली करायची?

मावशींना राहवेना. त्यांनी बाईंना व्हरांड्यात गाठलं आणि कागदावर निम्मं खोटं उतरलंय असं तोंडावर सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी मावशींना विचारलं, "मग तुम्ही कसं विचारता?"

"मी आधी माझं सांगते. मग समोरची माणसं आपलं सांगतात."

बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला. दर बुधवारी दुपारची औषधं झाली की चार रुग्ण, एक नर्स, बाई आणि मावशी गोल करून बसू लागले. नियम मावशींचा: जो विचारेल त्यानंही उत्तर द्यायचं. बसचालकानं पहिल्याच दिवशी बाईंना विचारलं, तुम्हाला कशाचा आधार? आई गेल्यापासून प्रार्थनाच होत नाही, म्हणून तर हा विषय घेतला, असं त्यांनी सांगितलं. मग बसचालकही बोलला. तो देव मानत नव्हता. पण रोज पहिला प्रवासी चढण्याआधी दोन मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून तो शांत बसे.

"त्याला काय म्हणायचं ते मी ठरवणार," त्यानं बजावलं. बाईंनी तसंच लिहून घेतलं.

घरी मावशींचे यजमान चिडवत, आता आमच्या हिला डॉक्टरीणबाई म्हणायचं का? मावशी म्हणत, म्हणा की, फुकट आहे.

सहा महिन्यांनी अहवालाचा मसुदा सगळ्यांसमोर वाचला गेला. 'श्रद्धेमुळे रुग्णांना शांती लाभते,' या वाक्यावर मावशींनी पेन्सिलीनं काट मारली. शिंपीणबाई देवावर शेवटपर्यंत रागावलेल्या होत्या. भांडायला कुणीतरी आहे, एवढंच बरं वाटतं, असं त्या जाण्याआधी सर्वांसमोर म्हणाल्या होत्या. बाईंनी थोडा वाद घातला, मग हार मानली. तो राग अहवालात एक अख्खं प्रकरण होऊन बसला.

संशोधक म्हणून सातही जणांची नावं द्यायला विद्यापीठाच्या समितीनं हरकत घेतली: मावशींकडे, रुग्णांकडे पदवी नाही. बाई म्हणाल्या, मग माझंही नाव काढा. दोन महिने पत्रं गेली-आली. शेवटी सातही नावं छापून आली.

पुढचा विषय वॉर्डानंच निवडला: सेवा करणाऱ्यांचा थकवा. मावशींनी पहिली बैठक बुधवारऐवजी मंगळवारी ठेवली, कारण बुधवारी त्यांची सुट्टी असे, आणि आधीचे सहा महिने ती बैठकांतच गेली होती.