लोअर आर्म आणि कन्नडचं डोहाळजेवण

गॅरेजला न जाणाऱ्या माणसांकडे किती किस्से साठतात, ते बघायचं तर आमच्या कॉलनीत या! बाळूभाऊ वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर, शकीलभाईंचं औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान, आणि मी शाळेत गणित शिकवतो. दर रविवारी आमच्यापैकी कुणाची तरी गाडी उघडलेली असते.

यंदा पाळी माझ्या गाडीची होती, आणि मला अजिबात हसू येत नव्हतं. पंधरा दिवसांवर बायकोचं, सुनीताचं, डोहाळजेवण होतं. सातव्या महिन्यात तिला याच गाडीतून घाट चढून कन्नडला माहेरी न्यायचं होतं.

*

स्पीडब्रेकर आला की पुढून ‘खट्’ असा आवाज यायचा. बाळूभाऊंनी चाक जॅकवर घेतलं आणि दोन्ही हातांनी हलवलं. पडायला आलेल्या दातासारखं ते हललं!

“लोअर आर्म गेला सर. चाकाला ह्योच धरून ठेवतो. ॲक्सल बी गेला.”

“आणि हा तुटला तर?”

“काय नाय. चाक एकीकडं जातं, आपण एकीकडं.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेत पायी गेलो.

*

पुढच्या रविवारी नवा लोअर आर्म आणि ॲक्सल आणून काम काढलं. ॲक्सलचा नट काही केल्या हलेना. बाळूभाऊंनी आपल्या शेतातून बोअरचा जुना पाईप आणला, पान्याला लावला आणि ते नि शकीलभाई दोघं त्याला लोंबकळले. मी आत बसून ब्रेक दाबून धरलेला.

‘कडाक!’

मी डोळे मिटले. उघडले तर दोघंही जमिनीवर.

“काय तुटलं?” मी ओरडलो.

शकीलभाई पडल्या पडल्या म्हणाले, “सर, या तो नट खुला है, या मेरी कमर!”

बघितलं तर दोन्ही!

*

ॲक्सल ओढला आणि गिअर ऑइल भळाभळा अंगणभर पसरलं. सुनीता गॅलरीत उभी होती.

“अहो, हे एवढं काय सांडतंय?”

“भाभी, गंदा खून है. निकलने दो!” शकीलभाईंनी धीर दिला. ती तडक आत गेली.

ऑइल आधी काढून घ्यायचं असतं, हे आम्हा तिघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं. फरशी पुसताना माझ्या डोक्यात एकच विचार, अजून काय काय विसरलोय?

*

ते लगेच कळलं. सगळं बसवून, आवळून झाल्यावर, ज्यावरून हे काम शिकलो होतो तो व्हिडिओ मी मोबाईलवर पुन्हा लावला. लोअर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, नाहीतर आतलं रबर पिळलं जाऊन फाटतं. आम्ही ते गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळले होते!

“सर, तुम्ही मोबाईल बघत जाऊ नका,” बाळूभाऊ वैतागले. “त्यानंच बोल्ट ढिले व्हतात!”

पण ढिले केले, गाडी खाली घेतली आणि पुन्हा आवळले. तरी त्या आठवड्यात रोज सकाळी शाळेचे कपडे घालून मी गाडीखाली शिरायचो, बोल्ट चाचपून बघायचो. एकदा समोरच्या काकूंना माझे नुसते पाय दिसले आणि त्यांनी बोंब ठोकली, “धावा! सर गाडीखाली आले!”

*

डोहाळजेवणाच्या सकाळी बाळूभाऊंनी टायरवर लाथ मारून सांगितलं, “शंभर टक्के गॅरंटी, सर.”

“मग बसा की. मागं जागा आहे.”

“नाय नाय, तुम्ही व्हा पुढं.”

दौलताबादच्या घाटात आरशात बघितलं तर मागं मोटरसायकल. बाळूभाऊ चालवतायत, शकीलभाई मांडीवर गाठोडं घेऊन बसलेत, आणि दोघांचीही नजर माझ्या पुढच्या चाकावर!

“हे दोघं आपल्या मागं का येऊन राहिलेत?” सुनीतानं विचारलं.

“जेवायला,” मी म्हणालो. शेजारी ती, तिच्या पोटात बाळ, आणि खाली आम्ही तिघांनी आवळलेले बोल्ट. मला खरंच भीती वाटत होती. उसाचा ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागं टाकून गेला.

पोहोचलो एकदाचे. दारात सासूबाईंनी शकीलभाईंच्या हातातलं गाठोडं कौतुकानं काढून घेतलं. गुलाबी, नवं कोरं कापड. “अगं बाई, लई जड हाय! एवढं कशाला आणलं, भाऊ?” शकीलभाईंनी गाठोडं परत घ्यायला हात पुढं केला. सासूबाईंनी ते ओटीच्या ताटाशेजारी ठेवलं, वरून हळदीकुंकू वाहिलं आणि भरल्या घरात, सगळ्या बायांसमोर, गाठ सोडली.

आत पान्याचा सेट, आणि आम्ही काढून टाकलेला जुना लोअर आर्म!

“हे काय म्हणायचं?” सासूबाईंनी विचारलं.

शकीलभाई मान खाली घालून म्हणाले, “मावशी, पुराना रख लिया था. रस्ते में नएवाले ने दगा दिया तो!”

सुनीतानं त्या लोअर आर्मकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“गाडी इथंच राहू द्या,” ती म्हणाली. “तुम्ही एसटीनं जा.”